पुलीजवळ शाफ्ट वारंवार तुटतो: ईएन ८ काढून ईएन २४ घातल्याने प्रश्न सुटेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोसरीत प्लास्टिक स्क्रॅप ग्राइंडर चालतो. १५ एचपीची १४४० आरपीएम मोटर, मोटरवर १२५ मिमीची पुली, ग्राइंडरच्या शाफ्टवर २५० मिमीची, चार बी सेक्शन बेल्ट. शाफ्ट ईएन ८ या मध्यम कार्बनच्या साध्या स्टीलचा, बेअरिंग ६२०७, म्हणजे सीटवर (शाफ्टवर बेअरिंग बसतं त्या जागी) ३५ मिमी व्यास. पुलीच्या बाजूच्या बेअरिंगला टेकण्यासाठी जी स्टेप (व्यास एकदम वाढतो ती पायरी) काढली आहे, नेमका तिथे शाफ्ट तुटतो. चौदा महिन्यांत तीनदा तुटला. मधल्या एका वेळी झिजलेली सीट वेल्डिंगने भरून पुन्हा टर्न केली होती. यील्डवर (स्टील कायमचं वाकू लागतं त्या ताणावर) हिशोब केला तर चारपट सेफ येतो, तरीही तुटतो. स्टॉकिस्ट म्हणतो ईएन २४ हे जास्त ताकदीचं मिश्रधातू स्टील घ्या, टर्नर म्हणतो स्टील दाणेदार निघालं, माल खराब आहे. कोणाचं ऐकायचं?

तुम्ही ‘कोणतं स्टील घ्यायचं’ असं विचारलं आहे, पण मला प्रश्न वेगळाच दिसतो. चारपट सेफ शाफ्ट चार-पाच महिने नीट चालून मग एकाएकी, न वाकता, सपाट चेहऱ्याने (तुटलेल्या पृष्ठभागाने) का तुटतो? त्याचं उत्तर हाती लागलं की स्टीलचं उत्तर त्यातच मिळतं.

यील्डचा हिशोब एवढंच सांगतो की लोड एकदा दिला तर शाफ्ट कायमचा वाकेल का. तुमचा शाफ्ट वाकत नाही, म्हणजे तो हिशोब बरोबर आहे. फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. बेल्ट शाफ्टला सतत एकाच बाजूला ओढतो आणि शाफ्ट फिरत असतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक कण अर्ध्या फेऱ्यात ताणला जातो आणि उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात दाबला जातो. ७२० आरपीएमने रोज सोळा तास धरले तर दिवसाला जवळपास ७ लाख वेळा आणि महिन्याला सुमारे १.८ कोटी वेळा. तुमच्या शाफ्टने तुटण्याआधी सात ते नऊ कोटी उलटसुलट ताण सोसले आहेत. यालाच फटीग म्हणतात. यात स्टेपच्या कोपऱ्यात सुरुवातीला डोळ्याला न दिसणारी चीर पडते. ती दर फेऱ्याला किंचित उघडते, मिटते, पुढे सरकते. उरलेला भाग लोड पेलेनासा झाला की एका झटक्यात तुटतो. बाहेरून वाकलेलं काही दिसत नाही, कारण बाकी सगळं स्टील शेवटपर्यंत लवचिक मर्यादेतच असतं.

टर्नरला दिसलेला दाणेदारपणा खरा आहे, पण त्याचा अर्थ तो लावतो तसा नाही. फटीगने तुटलेल्या चेहऱ्यावर दोन भाग असतात. एक गुळगुळीत, रेशमी, आणि बहुतेक वेळा त्यावर किनाऱ्यावर लाटांनी सोडलेल्या रेघांसारख्या वक्र खुणा. दुसरा खरखरीत, दाणेदार, चमकणारा. गुळगुळीत भाग महिनोन्महिने हळूहळू चिरला आणि दोन्ही चेहरे एकमेकांवर घासत राहिले. दाणेदार भाग अखेरच्या क्षणी फाटला. स्टील आधीपासून दाणेदार नव्हतं. ‘सतत हादरून लोखंडाचे स्फटिक झाले’ हा समज फार जुना आहे. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटून मोठा अपघात झाला, तेव्हाही हेच बोललं गेलं. पुढच्याच वर्षी रँकिन यांनी तुटलेल्या आसांचा अभ्यास मांडला. चीर स्टेपच्या कोपऱ्यात सुरू होते, म्हणून तिथे गोलाई द्या, असा त्यांचा सल्ला होता. नंतर प्रशियात व्योलर यांनी फिरणाऱ्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि दाखवलं की ताण किती आहे आणि किती वेळा उलटसुलट होतो यावर तुटणं अवलंबून असतं. ताणाची एक पातळी असते आणि तिच्याखाली स्टील जवळपास अमर्याद चालतं, हेही त्यांनीच दाखवलं. तुमच्या शाफ्टचा आजार हाच आहे, आणि जागाही तीच.

म्हणून पहिलं काम तुकडे जपणं. तुटलेले दोन भाग ‘बसतात का’ म्हणून एकमेकांवर दाबू नका. त्याने खुणा चिरडल्या जातात. वायर ब्रश किंवा एमरी लावू नका. रॉकेलने धुवा, कोरडे करा, पातळ तेल लावून पॉलिथिनमध्ये गुंडाळा. पुण्याच्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला चेहरा रात्रीत तांबूस होतो आणि वाचता येईनासा होतो.

चेहरा वाचायचा तो असा. दाणेदार भाग किती मोठा आहे ते आधी पाहा. तो एकूण क्षेत्रफळाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा लहान असेल, तर रोजचा लोड कमीच होता आणि कोपऱ्याने घात केला. दाणेदार भाग अर्ध्याहून जास्त असेल तर लोडच जास्त आहे, कोपऱ्याचा रेडियस (गोलाई) वाढवून पुरणार नाही. मग परिघावर पाहा. कडेने लहान-लहान पायऱ्या दिसल्या तर चीर एका जागी नाही, चहूबाजूंनी एकाच वेळी सुरू झाली. फिरत्या शाफ्टवर धारदार कोपरा असला की हे हमखास दिसतं, आणि दाणेदार भाग मधोमध सरकलेला असतो. सुरुवात एकाच बिंदूतून असेल तर तिथे टूलचा ओरखडा, नंबर मारायच्या पंचची खूण, वेल्डचा ठिपका किंवा की-वेचा (पुलीची की बसते त्या खाचेचा) कोपरा शोधा. चेहरा सपाट नसून ४५ अंशात पिळलेला असेल तर बेल्टची ओढ नव्हे, पीळ कारणीभूत आहे, आणि पुढचा बराचसा हिशोब तुम्हाला लागू होत नाही. ४५ अंश कसे दिसतात ते पाहायचं असेल तर फळ्यावरचा खडू दोन्ही हातांनी नुसता पिळून तोडा. तुटलेली कड मळसूत्रासारखी फिरलेली दिसेल. तोच खडू वाकवून तोडला तर सपाट तुटतो.

तुमच्या वर्णनावरून चेहरा सपाट आहे आणि तुटलेली जागा स्टेपच्या मुळाशी आहे, असं धरून आकडे मांडतो. हे आकडे पंधरा-वीस टक्के इकडे-तिकडे होणारच, पण निर्णयाला तेवढे पुरेत.

११ किलोवॅट आणि ७२० आरपीएमला टॉर्क (फिरवणारा पीळ) सुमारे १४६ न्यूटन-मीटर. पुलीची त्रिज्या १२५ मिमी, म्हणजे बेल्टने द्यायचा उपयोगी जोर सुमारे ११७० न्यूटन. पण शाफ्टला ओढणारा जोर म्हणजे ताणलेल्या आणि सैल अशा दोन्ही बाजूंची बेरीज. नीट ताणलेल्या व्ही-बेल्टला ती साधारण दुप्पट धरतात, म्हणजे २३०० न्यूटन. पुलीच्या मध्यापासून बेअरिंगच्या मध्यापर्यंत १२० मिमी असेल तर वाकवणारा मोमेंट (जोर गुणिले अंतर) २७६ न्यूटन-मीटर. ३५ मिमी व्यासावर त्याचा स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचा ताण) येतो सुमारे ६६ मेगापास्कल. ईएन ८ नॉर्मलाइज्डचं (तापवून हवेत थंड केलेल्याचं) यील्ड २८० धरलं की तुमचे चारपट निघतात.

आता फटीगच्या बाजूने पाहू. ईएन ८ नॉर्मलाइज्डची तन्य ताकद (ओढून तुटेपर्यंत पेललेला जास्तीत जास्त ताण) साधारण ५६० मेगापास्कल. आरशासारख्या पॉलिश केलेल्या लहान नमुन्यावर फिरत्या वाकवणुकीत फटीगची मर्यादा तिच्या निम्मी, म्हणजे २८० असते. पण तुमचा शाफ्ट पॉलिश केलेला नाही, लेथवर टर्न केलेला आहे. त्याचे ०.८ ने गुणायचे. आकार मोठा आहे, त्याचे ०.८५. राहिले १९०. मग येतो स्टेपचा कोपरा. ३५ वरून ४२ वर जाणाऱ्या स्टेपमध्ये रेडियस ०.४ मिमी असेल तर कोपऱ्यातला स्ट्रेस कागदावर अडीचपटीहून जास्त वाढतो. मऊ स्टील या वाढीला पूर्ण दाद देत नाही, म्हणून फटीगवर प्रत्यक्ष परिणाम सुमारे दुप्पट धरायचा. १९० चे राहिले ९५. म्हणजे तुमची खरी तुलना ६६ विरुद्ध २८० अशी नाही, ६६ विरुद्ध ९५ अशी आहे. चारपटीचे दीडपट झाले, आणि अजून बेल्ट जास्त ताणलेला धरलेलाच नाही.

कोपरा एवढा का छळतो, हे फरसाणाच्या पुडीवर कळतं. पुडीच्या कडेला कातरीसारखी नक्षी असते, तिथून ती सहज फाटते. तीच पुडी सरळ कडेने फाडायला बोटं दुखतात. प्लास्टिक तेच आणि जोरही तेवढाच, पण खाचेच्या टोकाशी तो सगळा एका बिंदूवर जमा होतो.

०.४ रेडियस मी अंदाजाने घेतलेला नाही. टर्नरला ड्रॉइंगमध्ये रेडियस दिला नसेल तर इन्सर्टच्या (लेथच्या टूलवर लावायच्या बदलत्या पात्याच्या) टोकाचा जो रेडियस, तोच कोपऱ्यात उतरतो. इन्सर्टच्या डबीवर नंबर पाहा. सीएनएमजी १२०४०४ असेल तर शेवटचे दोन आकडे म्हणजे ०.४ मिमी, १२०४०८ असेल तर ०.८. ‘कोपरा क्लीन कर’ म्हणून कोणी पार्टिंग टूलने शेवटचा हात मारला असेल तर ०.४ सुद्धा उरत नाही. रेडियस गेजचं पातं लावून तुटलेल्या शाफ्टवर आणि तयार असलेल्या स्पेअरवर मोजून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

पुढचा भाग माझ्या मते तुमच्या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो म्हणजे बेल्ट. ग्राइंडरमध्ये जाड गठ्ठा अडकला की बेल्ट घसरतो, चिरकतो, वास येतो. फिटर काय करतो? मोटर मागे ओढून बेल्ट कडक करतो. घसरणं थांबतं, सगळ्यांना बरं वाटतं. पण ओढ दीडपट झाली की स्ट्रेस ६६ चा ९८ होतो, आणि तुमची मर्यादा ९५ आहे. नवा कडक केलेला बेल्ट काही दिवसांत ताणून सैल पडतो, तेव्हा स्ट्रेस पुन्हा मर्यादेखाली येतो. परत कडक केला की वर जातो. जाम झाल्यावर क्षणभर आणखी वर. डायरेक्ट ऑन लाइन स्टार्टर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा) असेल तर दर स्टार्टला मोटर तिच्या फुल लोडच्या दोन-अडीचपट टॉर्क देते, तोही यात आला. हा शाफ्ट मर्यादेच्या काठावर खाली-वर होत राहतो, म्हणूनच तो दोन दिवसांत तुटत नाही आणि पाच वर्षंही चालत नाही, चार-पाच महिन्यांनी जातो. एकदा चीर पडली की पुढे तिला मर्यादेखालचा साधा लोडही पुरतो.

आता स्टॉकिस्टच्या ईएन २४ कडे येऊ. टी कंडिशनमध्ये (म्हणजे हार्डन-टेंपर केलेलं असताना) त्याची तन्य ताकद साधारण ९०० मेगापास्कल, म्हणजे ईएन ८ च्या १.६ पट. पण ताकद वाढली तसं स्टील खाचांना जास्त नाजूक होतं आणि टूलच्या खुणाही त्याला जास्त बाधतात. तोच ०.४ चा कोपरा ठेवला तर फटीगची मर्यादा ९५ वरून सुमारे १३० वर जाते. वाढ झाली, नाही असं नाही. पण ईएन ८ च ठेवून कोपरा २.५ मिमी केला तर ती ११८ च्या आसपास येते. महाग स्टीलने जे मिळतं, त्यातलं बरंचसं ड्रॉइंगवर एक अक्षर आणि एक आकडा लिहून मिळतं. दोन्ही केलं तर अर्थातच उत्तम, पण धारदार कोपऱ्याचा ईएन २४ हा पैशाचा अपव्यय आहे.

ईएन २४ बद्दल आणखी दोन गोष्टी. एक, ‘कडक स्टील घातलं की शाफ्ट कमी वाकेल’ असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. लवचिकतेचा गुणांक एमएस (साधं माइल्ड स्टील), ईएन ८, ईएन २४ सगळ्यांचा जवळपास एकच, २०० ते २१० गिगापास्कल. तेवढ्याच लोडला तिन्ही शाफ्ट तेवढेच झुकतात. झुकणं कमी करायचं तर व्यास वाढवा किंवा पुली आत घ्या. दोन, ईएन २४ विकत घेतलं म्हणजे ते टी कंडिशनमध्ये असेलच असं नाही. हार्डन-टेंपर न केलेला बार हातात आला तर ताकद मिळणारच नाही. हार्डनेस २४८ ते ३०२ ब्रिनेलच्या (कडकपणाचं माप) पट्ट्यात आहे का ते तपासूनच लेथवर चढवा. आधी टर्न करून मग हार्डनिंगला पाठवलं तर शाफ्ट वाकून येतो आणि सरळ करताना नव्या भानगडी होतात.

तरी माल खराब असण्याची शक्यता मी नाकारत नाही. ईएन ८ म्हणून एमएस गळ्यात पडणं अशक्य नाही. तुकड्यातून दहा-पंधरा मिमीची चकती कापून पिंपरी-भोसरी भागातल्या एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला द्या. स्पेक्ट्रो (स्टीलमधले घटक मोजणारी टेस्ट) आणि हार्डनेस एवढंच सांगा. कार्बन ०.३६ ते ०.४४ आणि नॉर्मलाइज्ड असेल तर हार्डनेस १५२ ते २०७ ब्रिनेलच्या दरम्यान आला की ईएन ८ ठीक. टेन्साइल टेस्ट पास झाली म्हणून शाफ्ट निर्दोष ठरत नाही, कारण त्या टेस्टमध्ये लोड एकदाच दिला जातो. घरच्या घरी ग्राइंडरवर ठिणग्या पाहिल्या तरी अंदाज येतो. एमएसच्या ठिणग्या लांब आणि टोकाला थोड्या फुटतात, ईएन ८ च्या ठिणग्यांना जास्त फाटे फुटतात. ओळखीच्या बारचा तुकडा शेजारी धरून तुलना केल्याशिवाय मात्र या अंदाजावर विसंबू नका.

वेल्डिंगने सीट भरलेल्या शाफ्टबद्दल माझं मत कडक आहे. असा शाफ्ट पुलीच्या बाजूला पुन्हा बसवू नका. ०.४ टक्के कार्बनचं स्टील थंडच वेल्ड केलं तर वेल्डच्या लगतचा पट्टा झटकन थंड होऊन काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. त्यात वेल्डच्या कडेची खाच, ओल्या रॉडमधून आलेला हायड्रोजन आणि आकुंचनाने राहिलेला ओढता ताण, हे सगळं नेमकं जिथे मोमेंट सर्वांत जास्त तिथेच येऊन बसतं. वरून टर्न केल्यावर दिसतं छान. २०० ते २५० अंशांचं प्रीहीट, भट्टीत वाळवलेला लो-हायड्रोजन रॉड आणि नंतर हळू थंड करणं, एवढं केलं तर ठिसूळपणा कमी होतो, पण ओढता ताण पूर्ण जात नाही. कमी लोडच्या दुसऱ्या टोकाला एक वेळ चालेल, इथे नाही. सीट झिजण्याचं कारणही शोधा. इनर रिंग ढिली बसली की ती शाफ्टवर किंचित सरकते आणि तांबूस भुकटी दिसू लागते. त्या घासण्यातून पडलेले बारीक खड्डे हीसुद्धा चीर सुरू व्हायची जागा आहे. फिरत्या शाफ्टवर बेल्टची ओढ असेल तर इनर रिंग हलक्या इंटरफरन्सने (किंचित घट्ट) बसायला हवी, हाताने सरकून जाता कामा नये.

सीटला हार्ड क्रोम करून घ्या, असा सल्लाही तुम्हाला मिळेल. क्रोमच्या थरात जन्मतः बारीक भेगा असतात आणि तो फटीगची मर्यादा खाली आणतो. ईएन २४ सारख्या ताकदवान स्टीलवर केलाच, तर प्लेटिंगनंतर लगेच, चार तासांच्या आत, १९० ते २२० अंशांवर कित्येक तास बेकिंग लागतं, नाहीतर आत शिरलेला हायड्रोजन स्टील ठिसूळ करतो. प्लेटिंगवाल्याकडे ओव्हन नसेल तर तो विषयच सोडा.

आता नवा शाफ्ट करताना काय करायचं. अडचण अशी की बेअरिंगच्या स्टेपला मनाला येईल तेवढा रेडियस देता येत नाही. ६२०७ साठी शाफ्टवर जास्तीत जास्त १ मिमी रेडियस चालतो. त्याहून मोठा दिला तर इनर रिंगचा कोपरा रेडियसवर चढतो, रिंग स्टेपला सपाट टेकत नाही, आणि बेअरिंग वाकडं बसून लवकर जातं. ०.४ वरून १ वर गेलात तर मर्यादा ९५ वरून साधारण १०६ होते, म्हणजे फायदा थोडाच. तुम्हाला मी सांगेन ते असं: स्टेपचा मोठा व्यास ४६ करा, स्टेप आठ मिमी आत सरकवा, तिला २.५ मिमी रेडियस द्या, आणि स्टेप व बेअरिंग यांच्यामध्ये ८ मिमी जाडीची रिंग घाला. रिंगच्या स्टेपकडच्या आतल्या कडेला ३ मिमी ४५ अंशाचा चॅम्फर (तिरका छाट), म्हणजे ती रेडियसवर चढणार नाही आणि स्टेपच्या ३ मिमी सपाट भागावर नीट टेकेल. बेअरिंगकडची बाजू सपाट आणि रिंगच्या अक्षाला काटकोनात हवी. रिंगच्या दोन्ही बाजू समांतर नसतील तर सगळं मुसळ केरात. एकाच सेटिंगमध्ये बोअर आणि एक फेस काढा, दुसरा फेस ग्राइंड करून घ्या.

ड्रॉइंगवर ‘आर २.५’ लिहा आणि शेजारी फिनिश आरए ०.८ (पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाचं माप) लिहा. रेडियसमध्ये टूलच्या रेघा राहिल्या तर त्या परिघाभोवती फिरतात, म्हणजे चिरेला हव्या त्याच दिशेने. शेवटी बारीक एमरीने शाफ्टच्या लांबीच्या दिशेने पॉलिश करून घ्या, आडवं नाही. कोणाकडे रोलर बर्निशिंगची (कडक रोलरने दाबून पृष्ठभाग गुळगुळीत करण्याची) सोय असेल तर रेडियस रोल करून घेण्याने आणखी फायदा होतो, कारण पृष्ठभागावर दाबता ताण राहतो आणि चीर उघडायलाच अडते. क्रँकशाफ्टचे फिलेट (कोपऱ्यातल्या गोलाया) याचसाठी रोल करतात.

की-वेकडेही बघा. ३५ मिमी शाफ्टला १० बाय ८ ची की, शाफ्टमध्ये ५ मिमी खोली. तळाच्या कोपऱ्यांना ०.२५ ते ०.४ रेडियस हवा, नव्या धारदार एंड मिलचा टोकदार कोपरा नको. शक्य असेल तर एंड मिलऐवजी डिस्क कटरने काढा, म्हणजे टोकाला की-वे हळूहळू वर येतो आणि टोकाशी जमा होणारा स्ट्रेस कमी राहतो. की-वे बेअरिंगच्या सीटमध्ये किंवा तिच्या अगदी कडेपर्यंत घुसवू नका. की कमी लांबीची करा, पण मध्ये निदान ५-६ मिमी साधा शाफ्ट राहू द्या. दोन खाचा एकाच जागी आल्या की त्यांचा परिणाम गुणाकाराने वाढतो.

या सगळ्यापेक्षा जास्त फायदा, जागा असेल तर, पुली आत घेण्यात आहे. १२० मिमीचे ८० झाले तर स्ट्रेस तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. अनेकदा पुलीचा हब उलटा बसवूनच पंचवीस-तीस मिमी सुटतात, गार्ड थोडा बदलावा लागतो इतकंच. हाउसिंगमध्ये जागा असेल तर ६२०८ आणि ४० मिमी सीट हाही मार्ग आहे. व्यासाचा घन होत असल्याने पाच मिमीने स्ट्रेस तितकाच, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. या दोन्हींपैकी एक झालं तर ईएन ८ पुष्कळ आहे. दोन्ही अशक्य असतील, हाउसिंग आणि गार्ड हलतच नसतील, तर मात्र टी कंडिशनचं ईएन २४ घ्या, पण मोठ्या रेडियससकट.

आणि बेल्ट. हाताने दाबून ‘ठीक आहे’ म्हणणं बंद करा. दोन पुलींमधल्या मोकळ्या बेल्टच्या मध्यावर स्प्रिंग काट्याने काटकोनात ओढा. मोकळी लांबी ५०० मिमी असेल तर ८ मिमी वाकायला हवा, म्हणजे दर १०० मिमीला १.६ मिमी. तेवढं वाकवायला किती जोर लागायला हवा हे बेल्ट कंपनीच्या तक्त्यात तुमच्या सेक्शन आणि लहान पुलीच्या व्यासाप्रमाणे दिलेलं असतं. तो आकडा रंगाने गार्डवर लिहून ठेवा. नवा बेल्ट पहिल्या दिवस-दोन दिवसांत बसतो, तेव्हा एकदा तपासायचा. चारपैकी एक बेल्ट बदलू नका, चारही एकाच सेटचे घ्या. नाहीतर नवा एकटाच सगळा भार ओढतो आणि फिटर पुन्हा मोटर मागे घेतो. योग्य ताण ठेवूनही घसरत असेल तर बेल्ट कमी पडतोय किंवा फीड जास्त होतोय. त्याचा इलाज मोटर मागे ओढण्यात नाही. जाम होणं रोजचं असेल तर मोटरचा करंट पाहून फीडर थांबवणारी रिले बसवा, म्हणजे शाफ्टच्या वाट्याला येणारे झटकेच कमी होतील.

शेवटी, तुमच्याकडे असेच आणखी ग्राइंडर चालू असतील तर त्यांच्याबाबतीत तुटायची वाट पाहू नका. पुढच्या साप्ताहिक सुट्टीला पुलीच्या बाजूचं बेअरिंग काढा आणि स्टेपवर डीपी टेस्ट (डाय पेनेट्रंट, म्हणजे रंगाने चीर शोधायची टेस्ट) करा. तीन कॅनचं किट मिळतं. क्लीनरने तेल पूर्ण काढा, लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, क्लीनर थेट न फवारता फडक्याला लावून वरचा रंग पुसा, मग पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर द्या. कोपऱ्याभोवती लाल रेघ उमटली तर तो शाफ्ट त्याच दिवशी काढा, रेघ कितीही बारीक असो. टूलची खूणही कधी कधी फिकट लाल दिसते. शंका आली तर तेवढा भाग एमरीने हलका घासून टेस्ट पुन्हा करा. खूण असेल तर जाते, चीर असेल तर रेघ परत त्याच जागी उमटते.

तुटलेल्या चेहऱ्याचा तिरप्या उजेडात काढलेला स्पष्ट फोटो, स्टेपचा मोजलेला रेडियस आणि पुलीच्या मध्यापासून बेअरिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर एवढं कळवलंत तर वरचे आकडे तुमच्या मशीनसाठी पुन्हा मांडून देतो. अंतर १२० ऐवजी १५० निघालं तर नुसती रिंग आणि रेडियस पुरणार नाहीत, व्यासालाच हात घालावा लागेल.